लीलाबाईच्या खिरीचे बटण

आभाराच्या बाबतीत माझा स्वभाव व्यापारी आहे. कोणी उपकार केला की मी तो मनात जमा करतो आणि त्याच माणसाने आधी दिलेला त्रास त्यातून वजा करतो. बहुतेकांच्या नावावर शेवटी काही उरत नाही, त्यामुळे माझे आभार मानायचे फारसे साचत नाहीत. पण गेल्या बुद्धपौर्णिमेला दिल्लीत द्वारकेच्या आमच्या सोसायटीत असे काही घडले की सगळी वजाबाकी करूनही बाकी उरली. ती चुकती करण्यासाठी हे लिहितो आहे.

लीलाबाई माझी थोरली बहीण. आम्ही भावंडे तिला नुसते 'बाई' म्हणतो. ती यवतमाळला असते. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून तिने नोकरी केली आणि अधीक्षिकेने वाढायचे नसते हा नियम कधी वाचला नाही. बुद्धपौर्णिमेला तिच्या अंगणात खिरीची पंगत बसते. खीर ढवळायला ती कोणालाही सांगेल, पण वाढायला दुसऱ्याचा हात लागू देणार नाही. या वर्षी चैत्रात ती न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी तिला पलंगावर टाकले. तिचा मुलगा संघपाल याचा फोन आला.

"मामा, आई म्हणते या वर्षी खीर करू नका. जिले वाढता येत नाही, तिनं पंगत कायले मांडावी?"

त्याने पुढे सांगितले की तेव्हापासून तिचे स्वतःचे जेवणही अर्ध्यावर आले आहे. ताट समोर ठेवले की ती भिंतीकडे बघते.

आता आम्ही सगळ्यांनी उठून जायला हवे होते, हे मलाही कळते. पण प्रत्येकाकडे कारण होते आणि ते खणखणीत होते. मधला भाऊ बळवंत नागपूरला, म्हणजे सगळ्यांत जवळ, म्हणून त्याचे कारण सगळ्यांत भक्कम असणे भाग होते. त्याने नुकताच गुडघा बदलून घेतला होता. त्याची मुलगी मीनाक्षी मेलबर्नला, तिला कारण सांगायची गरजच नव्हती. माझे तिकीट प्रतीक्षायादीत होते. मे महिन्यात दिल्लीहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत प्रतीक्षायादी ही एक स्वतंत्र वस्ती असते. तिथे माणूस नांदतो, प्रवास करत नाही.

मी बाईला फोनवर म्हटले की व्हिडिओ कॉल करू, सगळे एकदम दिसतील. ती म्हणाली, "फोनमंदी तुमची तोंडं दिसतात रे. वाटी कुठं ठेवू?"

याचे उत्तर माझ्या मुलीकडे निघाले. उन्नती सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, वाटी ठेवता येईल यार. डोण्ट वरी."

उन्नती गुडगावच्या एका कंपनीत आहे. तिथे नक्की काय चालते हे मी नातेवाइकांना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर मिटवत असे. आता मला ते समजून घ्यावे लागले. डोळ्यांवर एक खोके बांधायचे, दोन हातांत दोन मुठी धरायच्या. मग दिल्लीतला, नागपुरातला, मेलबर्नमधला असे सगळे एकाच खोट्या खोलीत उभे राहतात. खोलीत बटण असते. ते दाबले की वस्तू प्रकट होते, सगळ्यांना दिसते, उचलता येते, दुसऱ्याच्या हातात देता येते. वस्तूलाही पुन्हा स्वतःची बटणे असतात. कंपनी ही विद्या कारखान्यातल्या कामगारांना आग विझवायला शिकवण्यासाठी वापरते. बटण दाबले की अग्निशामक नळकांडे हजर.

"नळकांड्याच्या जागी खिरीचं पातेलं," उन्नती म्हणाली. "सिंपल."

तिच्या मॅनेजरने 'टेस्टिंग' या सदराखाली काही खोकी घरी न्यायला परवानगी दिली. नोकरीत असताना मी मॅनेजर मंडळींविषयी जे काही बोललो, त्यातून हा एक माणूस मी वगळतो. दोन खोकी कुरियरने यवतमाळ आणि नागपूरला गेली; मीनाक्षीकडे तिचे स्वतःचे होतेच.

पहिली खीर आमच्या दिवाणखान्यात झाली. मी बटण दाबले, लाल रंगाचे पातेले आले, त्याने फुस्स असा आवाज केला आणि पांढरा फेस सोडला. उन्नतीने नळकांड्याचे फक्त रूप बदलले होते, गुण आतले तसेच होते. लॅपटॉपवर बघणारी माझी पत्नी अलका म्हणाली की दूध नासलेले दिसते. मी फेसापासून मागे सरलो आणि खऱ्या जगातल्या शोकेसवर आदळलो. निवृत्तीच्या वेळी खात्याने दिलेले घड्याळ त्यात होते. ते पडले. अलका म्हणाली, "बरं झालं. ते बंद का आहे, याला आता एक कारण तरी मिळालं."

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे डोळे बांधून हात पसरायला लागलो तर पंखा तरी जाईल किंवा मी तरी, हे उघड होते. म्हणून सोसायटीचा हॉल हवा. म्हणून सेक्रेटरी माथुर.

माथुरसाहेबांनी अर्ज पुढे सरकवला. किती पाहुणे, असा पहिला प्रश्न. मी म्हटले, आठ-दहा, पण त्यातले बरेच जण येणार नाहीत. माथुर म्हणाले, "खोबरगढ़े साहब, जो आएगा नहीं वो गेस्ट कैसे?" आमचे आडनाव खोबरागडे आहे. ते दिल्लीत आल्यापासून एखाद्या किल्ल्यासारखे उच्चारले जाते आणि मी दुरुस्त करायचे सोडून दिले आहे. मी समजावले की पाहुणे आपापल्या गावी राहून इथे जेवतील. माथुरांनी विचारले की या पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर काय. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक पाहुण्याची नोंद हवी, नाहीतर गार्ड आत सोडणार नाही. न येणाऱ्यांना गार्ड अडवणार कसा, हे विचारायचे मी टाळले. सरकारी नोकरीत एवढे शिकलो आहे की बरोबर प्रश्न विचारला की फाइल हमखास परत येते.

खरी अडचण पुढे होती. कार्यक्रमाचा प्रकार. अर्जात चारच: विवाह, जागरण, किटी पार्टी, शोकसभा. विवाहाला पोलीस परवानगी लागते, जागरणाला लाउडस्पीकरचे हमीपत्र, किटी पार्टीला महिला अध्यक्षाची सही. शोकसभेला काहीच लागत नाही, शिवाय एसी चालू ठेवून मिळतो. बाहेर मे महिना होता. माथुर आणि मी एकमेकांकडे पाहिले. दोघेही समजूतदार माणसे. मी शोकसभेवर खूण केली.

शनिवारी रंगीत तालमीसाठी हॉल उघडला आणि थोड्या वेळाने पांढरे कपडे घातलेली माणसे येऊ लागली. माथुरांनी नियमाप्रमाणे फलकावर सूचना लावली होती, 'खोबरगढ़े परिवार, शोकसभा'. चौथ्या मजल्यावरचे कर्नल दारात आले, मला धडधाकट उभे पाहिले आणि त्यांचा चेहरा जरा पडला. माणूस शोक करायच्या तयारीने आला की त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे वाईट दिसते. मी कोण गेले हे सांगू शकेना आणि कोणी गेले नाही हेही धड सांगता येईना. एक बाई अलकाचा हात हातात घेऊन बसल्या आणि अलका इतकी गोंधळली की तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले.

बाकीचे हळूहळू पांगले. समोरच्या फ्लॅटमधल्या विजयालक्ष्मी मात्र राहिल्या. ऑडिटमधून निवृत्त झालेल्या बाई, कॉफीचा थर्मास घेऊन आलेल्या. त्यांनी उन्नतीकडून सगळे ऐकून घेतले आणि पदर खोचून म्हणाल्या, "मुझे भी एक डिब्बा दो." चूक कोणाची हे पाहायला आलेले माथुरही एक खोके बांधून घेऊन बसले.

आता जे झाले ते फक्त आपल्याकडेच होऊ शकते. उन्नतीने पातेल्यावर बटण ठेवले होते, दाबले की समोरच्याच्या वाटीत खीर. ती समजून चालली होती की वाढणारा एक आणि जेवणारे बाकीचे. पण चार सुसंस्कृत माणसे पंगतीत बसली की जेवणारा कोणीच नसतो, सगळेच वाढणारे. अलकाने विजयालक्ष्मींना आग्रह केला. विजयालक्ष्मींनी तो दुपटीने परत केला. माथुर 'एक और, मेरे हाथ से' म्हणत माझ्या वाटीवर तुटून पडले. त्यात आणखी एक गोम निघाली. प्रत्येकाच्या खोक्यातले यंत्र तीच खीर आपापल्या परीने वेगळी वाढत होते, म्हणजे एकदा वाढले की चारदा पडे. वाट्यांवर वाट्या चढल्या. माथुर खिरीमागे दिसेनासे झाले, आतून त्यांचा 'बस भाईसाहब, बस' असा आवाज येत राहिला आणि मग सर्व्हर नावाचे जे काही असते ते बसले. सगळा अंधार.

उन्नतीने चारदाची भानगड दुरुस्त केली. पण आग्रहाचे काय? इथे माझी आस्थापना विभागातली बुद्धी जागी झाली. मी सुचवले की प्रत्येक वाटीला 'पुरे' असे बटण हवे. ज्याला नको त्याने दाबावे, वाटीवर झाकण बसेल, मग कोणाच्या बापाला वाढता येणार नाही.

उन्नती म्हणाली, "झाकण परत उघडायचंही बटण ठेवते, बाबा."

मी म्हटले, नको. एकदा निर्णय झाला की झाला. उघडता येणारी फाइल ही बंद फाइलच नव्हे. तिने खांदे उडवले. विजयालक्ष्मींनी मान डोलावली, आणि ऑडिटने मान डोलावलेले मला आयुष्यात प्रथमच पाहायला मिळाल्यामुळे मी जरा फुगलोच.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. वंदना झाली. यवतमाळला संघपालने बाईच्या पलंगाशेजारी खरी खीरही शिजवली होती, हे बाईने हट्टाने करून घेतले होते. पातेले जवळ नसेल तर हात चालत नाही म्हणाली. आम्ही हॉलमध्ये खोकी बांधून बसलो: मी, अलका, विजयालक्ष्मी आणि माथुर. नागपुरातून बळवंत, मेलबर्नहून मीनाक्षी. उन्नती लॅपटॉपपाशी.

खोक्याच्या आत उन्नतीने उभे केलेले बाईचे अंगण सुरेख झाले होते. निंबाचे झाड, सारवलेली जमीन, पंचशीलाचा ध्वज. फक्त माणसे कारखान्यातली होती. सगळ्यांची अंगे करड्या रंगाची, डोक्यावर पिवळ्या सुरक्षा टोप्या, आणि डोक्यांवर तरंगणारी नावे मराठीत लिहिल्यामुळे तिथे नुसते चौकोन उमटलेले. कोण कुठला, काही कळेना. मग बाई आली. तिलाही टोपी होती.

"हे काय," तिचा आवाज आला, "समदे खाणीतून आले काय?"

कोणी बोलायच्या आतच तिने एकेकावर बोट ठेवले. मान वाकडी करून बसलाय तो बळवंत. सारखी हलते ती मीनाक्षी. ताठ बसली ती अलका. "आन् हा पोक काढून बसलाय तो काशीनाथ. सरळ बस रे." मी सरळ बसलो. हॉलमध्ये खऱ्या खुर्चीवरसुद्धा.

तिने पातेल्यावरचे बटण दाबले. तिच्या हातात ओगराळे आले. उन्नतीला ओगराळे हा शब्द माहीत नव्हता, आधी तिने चमचा केला होता, मी चित्र काढून दाखवले होते. बाईने ते भरून घेतले आणि पहिल्यांदा बळवंतकडे वळवले.

बळवंत म्हणाला, "बस बस, बाई, थोडीशीच," आणि त्याने 'पुरे' दाबले.

खीर पडायच्या आधीच वाटीवर झाकण बसले. मीनाक्षीला जन्मापासून शिकवलेले की पहिल्या वाढीला हो म्हणायचे नाही. तिनेही दाबले. अलकाने 'आधी इतरांना' म्हणत दाबले. विजयालक्ष्मींची रीत आमच्यापेक्षा वेगळी नव्हती. माथुरांना तर मीच आदल्या दिवशी बजावले होते की आमच्यात एकदम हाँ म्हणत नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यासारखे लगेच दाबले. आणि मी? माझे बोट कधी गेले ते मला कळले नाही. साठ वर्षांची सवय होती, माझ्या परवानगीची वाट तिने कशाला बघावी.

सगळ्या वाट्या झाकलेल्या. आपण 'नको' म्हणतो तेव्हा समोरच्याने पुन्हा विचारावे हे त्यात धरलेले असते. हे यंत्राला कोणी सांगितले नव्हते. ते बिचारे शब्दाला पक्के निघाले.

बाईचा हात भरल्या ओगराळ्यासह तसाच थांबला.

"काहून रे," ती म्हणाली, "कोणालेच नको?"

मग ती हळूच म्हणाली, "बरं. राहू द्या."

संघपालचा दबका आवाज आला. "मामा, ती डोळ्यावरचं काढून द्या म्हणते."

मी उन्नतीला झाकणे उघडायला सांगितले. उन्नती म्हणाली, "उघडत नाहीत, बाबा. फायनल ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं." एकच वाट होती. सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि पुन्हा आत यायचे. नव्याने येणाऱ्याला नवी वाटी मिळते.

म्हणजे बाईच्या डोळ्यांसमोर सगळी पंगत न जेवता उठणार. भरले ओगराळे हातात असताना. मला घाम फुटला. शोकसभेचा एसी चालू होता तरी फुटला.

"बाई, थांब," मी म्हटले. "हात धुवायचे राहिले यांचे. धुऊन येतात."

"आन् तू?"

"मी धुतलेत."

एकेक पिवळी टोपी नाहीशी झाली. अंगणात आम्ही दोघेच उरलो. मग तिने विचारले की त्या कोपऱ्यात ओळखू न येणारे दोघे कोण होते. मी सांगितले, शेजारच्या विजयालक्ष्मी आणि सोसायटीचे माथुर.

"तुह्या बहिणीच्या पंगतीले दिल्लीची माणसं बसली?"

"बसली."

"कामधंदे सोडून?"

"सोडून."

तिने थोडा विचार केला. "मंग त्याइले पयले वाढीन," ती म्हणाली.

माणसे परत आली. माथुर सर्वांत शेवटी. हात धुवायचे म्हटल्यावर ते खोके काढून खरोखरच हॉलच्या नळावर जाऊन हात धुऊन आले होते. 'बोला है तो धोना चाहिए,' एवढेच म्हणाले. त्या अर्जावरून मी त्यांच्या नावे जे काही लिहून ठेवले होते, ते तिथल्या तिथे खोडले.

बाईने वाढायला सुरुवात केली. माथुरांपासून. मग विजयालक्ष्मी, अलका, मीनाक्षी, बळवंत. आणि पुन्हा पहिल्यापासून. आता कोणी 'पुरे'च्या आसपास बोट नेईना. ती वाढत राहिली आणि बोलत राहिली. बळवंतच्या गुडघ्याला, मीनाक्षीच्या लग्नाला, उन्नतीच्या उपाशी राहण्याला, सगळ्यांना एकेक ओगराळे आणि एकेक टोमणा. माथुरांना मराठी कळत नव्हते पण टोमणा कळला, ते हसले. वाट्यांतून खीर ओसंडली, पाटांवर चढली, निंबाच्या बुंध्यापर्यंत गेली. उन्नती माझ्या कानाशी आली, "बाबा, कोणीतरी पुरे दाबा ना, सर्व्हर बसेल."

मी ते मोठ्याने सांगितले नाही. सांगितले असते तरी कोणी दाबले नसते.

थोड्याच वेळात अंधार झाला.

आम्ही खोकी काढली. अलका डोळे पुसत होती, या वेळी गोंधळून नव्हे. विजयालक्ष्मी चष्मा शोधत होत्या. माथुर आपल्या रिकाम्या तळहातांकडे बघत बसले होते. माझा फोन वाजला.

"तुमच्याकडची बी लाइन गेली काय रे?" बाई विचारत होती.

"गेली."

"जाऊ दे. जेवले ना समदे?"

"जेवले, बाई. पोटभर."

संघपाल मागून सांगत होता की ती स्वतःही वाटीभर खीर खाते आहे, आता, फोनवर बोलता बोलता. चमचा वाजल्याचा आवाज मला आला. मग तो थांबला.

"तू नाही जेवला, काशीनाथ."

मी म्हटले, जेवलो की.

"तू हात धुवायले गेला नाहीस. तुह्या वाटीवरचं झाकण मी पाहत होती. हटलंच नाही." चमचा पुन्हा वाजला. "तुही वाटी मी इथं झाकून ठेवली हाये."

बाहेर ऊन तापले होते. वैशाखातली खीर संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही, हे तिला माझ्यापेक्षा पक्के ठाऊक आहे. तिकीट अजून प्रतीक्षायादीतच होते, तरी मी 'येतो' म्हटले. अलका फोन ठेवायची वाट न बघता बॅग काढायला वर गेली, आणि माथुर, ज्यांना या बोलण्यातले एकही अक्षर मी समजावून सांगितले नव्हते, गार्डला फोन करून म्हणाले की खोबरगढ़े साहबसाठी स्टेशनला जायला एक टॅक्सी गेटवर थांबवून ठेवा.